पंधरा मिनिटं

वाळूजच्या कंपनीत, तळमजल्यावरच्या लॅबमध्ये
दर सोमवारी सकाळी माझं पहिलं काम:
हिरव्या पाटीखालचा पिवळा खटका दाबायचा,
दोन तोट्यांतून पाणी उसळू द्यायचं तीन मिनिटं,
आणि ते गटारीत जाताना बघत उभं राहायचं.
मग वहीत सही. वै. सोनकांबळे. ठीक.

बघत उभं राहणं मला जमत नाही.
मी खाली बादली लावते.

उदगीरला आमच्या कॉलेजात नळाला पाणी
बाराव्या दिवशी यायचं, आलं तर.
केमिस्ट्रीच्या सिंकमध्ये कोळ्यानं घर केलेलं.
पण खिडकीपाशी एक निळा ड्रम, साठ लिटरचा,
त्याच्यावर लाल रंगानं हातानं लिहिलेलं:
डोळे.
नुसतं तेवढंच.
लॅब अटेंडंट मैनोद्दीनभाई सायकलीला दोन कॅन बांधून
बोअरवरून आणून तो भरायचे.
त्यातलं चहाला नाही, हात धुवायला नाही.
प्राचार्यांच्या कूलरसाठी शिपाई मागायला आला तर म्हणाले,
"साहेबाच्या डोळ्यात काय गेलंय का?"

आम्ही हसायचो.
बावीस पोरं, सात गॉगल.
त्या दिवशी एक माझ्या वाट्याला आलेला,
आणि घामानं धुरकटतो म्हणून मी तो
कपाळावर चढवलेला, सिनेमातल्यासारखा.
टेबलावरच्या ब्युरेटमध्ये टाचा उंचावून
कॉस्टिक सोडा ओतत होते. फनेल भरलं, उसळलं.

अ‍ॅसिड भाजतं तेव्हा ओरडून सांगतं,
सोडा साबणासारखा आत आत सरकत जातो,
हे मी नंतर वाचलं.
तेव्हा एवढंच कळलं की जग पांढरं झालं
आणि कुणीतरी मान धरून मला वाकवलं.
"मिटू नको. मिटायचं न्हाई.
काय करलालीस, उघड म्हणलं ना!"
अंगठ्यानं पापणी वर,
नाकाकडून कानाकडं पाण्याची धार.
"बिरादार सर, घड्याळ बघा. पंधरा मिनिटं.
चौदा न्हाई."

अकराव्या मिनिटाला
मगानं ड्रमचा तळ खरवडला.

कुणी काही बोललं नाही.
मग एक झाकण फिरल्याचा आवाज.
दुसरं. मग सगळ्या बाजूंनी.
दप्तरांतल्या बाटल्या, घरून आणलेल्या,
पाचच्या एसटीपर्यंत पुरवायच्या.
एक फ्रिजची, कवटीत कळ जाईल इतकी गार.
एक माठाची, मातीच्या वासाची.
एक बोअरची, मचूळ.
एक रसना निघाली, ती भाईंनी हुंगून बाजूला ठेवली.
कुणाच्या घरचं पाणी कुणाच्या डोळ्यात,
हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.
मलाही दिसत नव्हतं कोण ओततंय.
सरांनी "झाले" म्हटलं,
तरी भाईंनी उरलेली अर्धी बाटली ओतलीच.

वर्ग संध्याकाळपर्यंत तहानलेला होता,
हे मला दोन वर्षांनी कळलं, कुणाच्या तरी लग्नात,
जेवताना, सहज.

परवा ऑडिट झालं.
साहेबांनी बादलीचा फोटो काढला,
लिहिलं: आयवॉशसमोर अडथळा.
बरोबर आहे त्यांचं.
आंधळं झालेलं माणूस धावत येतं तेव्हा
त्याच्या पायात बादली येता कामा नये.
मी सही केली. बादली उचलली.

आता सोमवारी खटका दाबते.
पाणी जातं. मी घड्याळाकडं बघते.
नव्या पोराला सांगते, गॉगल कपाळासाठी नसतो.
सांगते, तू टाचा उंचावू नकोस, ब्युरेट खाली घे.
तो मान हलवतो, आम्ही हलवायचो तशीच.

माझ्या बॅगेत अजून दोन बाटल्या असतात.
त्यातली एक प्यायची.